मधल्या उंचीची गाडी

सिस्टर जुनी गाडी बघायला जाते तेव्हा पर्समध्ये स्टेथोस्कोप घेऊन जाते.

मी थट्टा करत नाही. ती बॉनेट उघडायला लावते, इंजिन चालू करायला सांगते, नळ्या कानात घालते आणि चकती हळूच कुठेतरी टेकवते, हात भाजणार नाही अशा ठिकाणी. मग डोळे मिटून घेते. विकणारा माणूस आधी हसतो. मग हसायचा थांबतो. मग दुकानातल्या बाकीच्यांना हाक मारतो, कारण ते एकट्याने बघण्यासारखं नसतं. मी शेजारी खुर्चीवर बसलेली असते. सिस्टर कुठेही गेली की आधी माझ्यासाठी खुर्ची मागते. "पहले इनको बिठाइए, बाद में बात."

"खोकला आहे," ती डोळे उघडून मला म्हणते. मग त्या माणसाकडे वळते. "इसको खांसी है. कब से है?"

"मॅडम, गाडी एकदम मक्खन है."

"मक्खन का नहीं पूछा. कब से है, वो पूछा."

तेल मोजायची पट्टी बाहेर काढून ती उजेडात धरते, तपासायला दिलेली लघवीची बाटली धरावी तशी. गालिचा उचलून खाली नाक घालते. गाडी पुरात उभी होती की नाही ते म्हणे वासावरून कळतं. आणि सगळ्यात आधी बॉनेटला हात लावते, उलटा हात, पोराचा ताप बघतात तसा. दुकानदार लबाड असतो. आपण जायच्या आधी तो गाडी फिरवून गरम करून ठेवतो, म्हणजे सकाळी चालू होताना ती काय कुरकुर करते ते आपल्याला कळू नये. सिस्टरचा हात गरम लागला की संपलं. "सुबह दौडाया आपने इसको. कल आएंगे. तब तक इसको आराम दीजिए. कोई हाथ नहीं लगाएगा."

माझा मुलगा नितीन म्हणतो, "आई, स्टेथोस्कोपने इंजिनातलं काही कळत नाही." मी म्हणते, "नसेल कळत. पण विकणाऱ्याला ते कुठे माहीत आहे?" एकदा तर तिने एका गाडीला जुनाट दमा आहे असं सांगून टाकलं, आणि नंतर कळलं की ती घरघर मागच्या दुकानातल्या जनरेटरची होती. सिस्टरने चूक कबूल केली नाही. "संगतीनेही लागतो," म्हणाली आणि पुढच्या गाडीकडे गेली.

सिस्टर म्हणजे इंदू थोरात. कऱ्हाडकडची. दिल्लीत एका सरकारी दवाखान्यात सारी नोकरी केली आणि सिस्टर म्हणूनच रिटायर झाली. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आम्ही खाली राहायचो, ती वरच्या मजल्यावर. माझे मिस्टर एका मंत्रालयात क्लार्क होते. मी चौथी शिकलेली, घर सांभाळणारी. तिच्याबरोबर लिली राहायची. लिली गायकवाड, मिरजेची, तीही नर्सच, इंदूपेक्षा दोनेक वर्षांनी मोठी. एक दिवसाच्या ड्यूटीवर असली की दुसरी रात्रीच्या, त्यामुळे दोघींच्या घराची किल्ली आमच्या दाराआडच्या खिळ्याला असायची. कितीतरी दिवस त्या दोघींची भेट त्या किल्लीजवळच व्हायची. एक दमून आलेली, एक निघालेली. "भात आहे. आमटी गरम कर." "तू खाल्लंस?" "नाही. उशीर झाला." एवढंच बोलणं. माझ्या समोर व्हायचं म्हणून मला माहीत.

त्या कॉलनीत सगळ्या मुलखाची माणसं होती, तमिळ, बंगाली, ओडिया. इंजेक्शन घ्यायला सगळी सिस्टरकडे यायची. माझे मिस्टर सुईला फार घाबरायचे. एकदा त्यांनी संडासात जाऊन आतून कडी लावली. सिस्टरने आमचं स्टूल उचललं, संडासाच्या दाराशी ठेवलं आणि बसली. "भाऊजी, घाई नाही. माझी ड्यूटी उद्या सकाळी आहे." मी तिला चहा करून दिला. तो संपायच्या आत दार उघडलं.

लग्नाचं मी तिला एकदाच विचारलं. ती म्हणाली, "वहिनी, दिवसभर मी पुरुषांना बेडपॅन देते. घरी आल्यावर कुणी पेपर वाचत चहा मागितला तर माझ्या हातून काहीतरी होईल." मी परत विचारलं नाही. बाईने स्वतःला नीट ओळखलेलं असलं की मला बरं वाटतं.

रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागतं. सिस्टरने फंडाच्या पैशातून नोएडाला फ्लॅट घेतला. माझे मिस्टर तोवर गेले होते. नितीनची कंपनी नोएडात, म्हणून मी त्याच्याकडे आले, आणि बघते तर आमच्याच सोसायटीत, पलीकडच्या टॉवरमध्ये, सिस्टर लिफ्टवाल्याला झापत उभी. लिली मात्र तिच्याबरोबर आली नाही. ती मानेसरला भाच्याकडे गेली. भाचा आणि त्याची बायको दोघंही गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, मुलगी तेव्हा पाळण्यात. "माझी तिथे गरज आहे," लिली म्हणाली. सिस्टर म्हणाली, "जा मग." दोघींनी भांडी वाटून घेतली. कुकर कुणी घ्यायचा यावरून थोडं झालं, तेवढंच.

मग सिस्टर गाडी चालवायला शिकली. साठी उलटून गेली होती. शिकवणारा म्हणाला, "माताजी, इस उमर में?" ती म्हणाली, "उमर मेरी है, गाडी आपकी है. आप अपनी चीज की चिंता कीजिए." महिन्याभरात लायसन आलं. तिने एक छोटी गाडी घेतली आणि दर रविवारी मानेसरला जायला लागली. नोएडाहून मानेसर म्हणजे सगळी दिल्ली ओलांडून, गुडगाव ओलांडून पलीकडे. जाऊन लिलीला घ्यायची, दोघी चर्चला जायच्या, मग कुठेतरी छोले-भटुरे खायच्या, मग कुठल्या तरी मॉलमध्ये बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची चाल बघायच्या आणि कुणाच्या कमरेत काय बिघडलंय ते ओळखायच्या. मी एकदोनदा बरोबर गेले आहे. दोघी नर्सांच्या मधे बसलं की आपली प्रत्येक शिंक कुणीतरी ऐकत असतं.

हे असं बरीच वर्षं चाललं. मग लिली न्हाणीघरात पडली. खुबा मोडला. खुब्याचा सांधा बदलावा लागला.

सांधा बदललेल्या माणसाचं एक असतं. त्याला खाली बसता येत नाही. गुडघा कमरेच्या वर जाता कामा नये, नाहीतर नवीन सांधा निखळायची भीती. म्हणजे पाट नाही, बुटकं स्टूल नाही, आणि छोटी गाडी तर नाहीच. तरी एकदा सिस्टरने तिला उशा लावून आपल्या गाडीत बसवलं. चढताना कसंबसं जमलं. उतरताना लिली अर्ध्यात अडकली. भाचा, त्याची बायको, वॉचमन, सगळे मिळून तिला बाहेर काढत होते, आणि रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून बघत होती. लिली ओरडली नाही. वर गेल्यावर म्हणाली, "इंदू, आता बास. तू येत जा. बस, चहा पी, जा. मी आता बाहेर येणार नाही."

आणि खरंच आली नाही. खोलीत एक खिडकी आणि समोर कारखान्याची भिंत. भाच्याची मुलगी आता शाळेत जाते. दिवसभर घरात कुणी नसतं. सिस्टरने सांगून बघितलं की माझ्याकडे नोएडाला चल, मी बघते तुझं. लिली म्हणाली, "मी कुणाच्या घरी पडून राहणार नाही. पडलेच आहे तर भाच्याकडे." हट्टी बाई. तिला त्या खोलीतून उचलून आणणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. फक्त एकच वाट होती. तिच्या दाराशी अशी गाडी उभी करायची की तिला बसताना कुणाचा हात लागणार नाही.

म्हणून सिस्टर गाडी शोधत होती. बाकी सगळं मी नंतर सांगते, पण एवढं आधी समजून घ्या, कारण सोसायटीतल्या बायकांना ते माहीत नव्हतं. आमच्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला एक जण म्हणाली, "सिस्टर, तुम्ही म्हणे फॉरेनची मोठी गाडी घेताय. ऐश आहे बुवा एकट्या माणसाची." मी तोंड उघडणार होते. सिस्टरने माझ्याकडे असं बघितलं की मी तिळगूळ तोंडात टाकला. "आहे खरी ऐश," ती म्हणाली आणि वाणाची डबी उलटीसुलटी करून तिचं झाकण घट्ट बसतं का ते बघत बसली.

गाडीची तपासणी दोन भागांत असायची. पहिला भाग स्टेथोस्कोपचा, तो सांगितला. दुसरा भाग म्हणजे मी. माझी आणि लिलीची उंची सारखी. माझे गुडघे गेलेले. "वहिनी, तुम्ही लिली," सिस्टर म्हणायची, आणि मग दुकानदारासमोर मला हुकूम सुटायचे. "पाठ सीटकडे करा. मागे सरका. अजून. आधी बूड टेकवा. आता दोन्ही पाय एकत्र आत. वळा. छान. आता उतरा." मग परत. मग दुसऱ्या दाराने. तोवर ती खाली वाकून माझे गुडघे कमरेच्या वर जातात की खाली राहतात ते बघायची. दुकानदार तिला गाणी ऐकवू पाहायचा, काच खालीवर करून दाखवायचा. तिचं लक्ष माझ्या बुडावर.

पहिल्यांदा आम्ही नव्या गाडीच्या दुकानात गेलो, नोएडातच. सगळी काच. आत इतकं गार की मी डोक्यावरून पदर घेतला. कोट घातलेला विक्रेता आला, आम्हाला कॉफी दिली आणि दाराकडे बघत उभा राहिला.

"सर कब तक आएंगे, मॅम?"

"कौन सर?"

"आपके... मतलब, गाडी जो लेंगे."

"सर नहीं हैं. कभी थे भी नहीं. चाबी लाइए."

त्याने किल्ली आणली. गाडीच्या आत रंगीत दिवे लागतात आणि हवा तो रंग बदलता येतो, हे तो सांगायला लागला. सिस्टर म्हणाली, "पेशंट को कलर से क्या करना है? सीट ऊपर कीजिए." त्याने बटण दाबलं आणि मी बसल्या बसल्या वर गेले. सिस्टरच्या तोंडावर मी क्वचितच तसं हसू बघितलं आहे, लहान मुलीसारखं. "और," ती म्हणाली. मी आणखी वर गेले. "थोडा नीचे." मी खाली आले. "बस. वहिनी, उतरा." मी उतरले. पाय थेट जमिनीवर. कुणाचा हात नाही.

तेव्हा कळलं की आपल्याला काय हवंय. उंच जीपसारखी नको, तिला पायरी चढावी लागते. साधी मोटार नको, ती ठेंगणी. त्यातल्या त्यात उंच अशा स्वस्त गाड्याही निघतात, पण खड्ड्यात गेल्या की मणक्याला कळवतात. मधली हवी होती, आणि मऊ चालणारी. नितीन तिला मिडसाइज लक्झरी का काहीतरी म्हणतो. उंची बरोबर आणि खड्डा अंगाला न लागणारी गाडी त्या महागड्या कंपन्याच बनवतात, हा काही सिस्टरचा दोष नाही. किंमत ऐकून ती कोटवाल्याला म्हणाली, "बहुत अच्छी है. इसकी बडी बहन दिखाइए, जो घर घर काम कर चुकी हो." तो बिचारा समजला नाही. तिला जुनी हवी होती. नवी परवडत नव्हती.

मग आमचे रविवार जुन्या गाड्यांच्या बाजारात जायला लागले. सकाळी बाजार, मग तिथूनच सिस्टर एकटी मानेसरला, लिलीच्या खोलीत चहा प्यायला. मला मेट्रोत बसवून द्यायची. बाजारात आम्ही ओळखीच्या झालो. लांबून स्टेथोस्कोप दिसला की एखाद्या दुकानदाराची धावपळ व्हायची आणि एखादी गाडी मागच्या बाजूला ढकलली जायची. एकाने एकदा चिडून विचारलं, "आंटी, लेना भी है या बस चेकअप करती हो?" सिस्टर म्हणाली, "जो ठीक होगी उसको ले जाएंगे. बीमार को आप रखो, इलाज करो." तो चिडलेलाच राहिला, पण जाताना त्याने तिला हळूच सांगितलं की दोन आठवड्यांनी एक चांगली येणार आहे, आणि ती बघताना मी सांगितलं असं सांगू नका. ती काही जमली नाही, सीट ठेंगणी निघाली. पण लोक तिला असं येऊन सांगतात. दवाखान्यातही वॉर्डबॉय तिलाच सांगायचे की औषध कुठे लपवलंय.

खरं सांगते, मला त्या हिंडण्याचा कंटाळा यायचा. पाय दुखायचे, धूळ असायची, उन्हाळा तर विचारू नका. पण सत्तरीची बाई, मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही, आणि एका माणसाच्या खुब्यासाठी सगळा बाजार पालथा घालते, हे बघायला मिळतं कुठे? नितीनला मी बोलून दाखवलं, "माझ्या खुब्याला तू काय करशील?" तो म्हणाला, "उबर." खरं बोलला, म्हणून मी रागावले नाही.

शेवटी गाडी बाजारात मिळालीच नाही. आमच्याच सोसायटीच्या एका बाईच्या ओळखीने नोएडातल्या एका बंगल्यात मिळाली. सेठी नावाचे गृहस्थ, कापडाचा धंदा. पांढरी गाडी, परदेशी कंपनीची, आत बदामी रंगाच्या सीटा. ड्रायव्हरने रोज पुसून ठेवलेली. नितीन कागद बघायला बरोबर आला होता.

"हिस्ट्री बताइए," सिस्टर म्हणाली.

"हिस्ट्री?"

"एक्सिडेंट, पानी, कोई बडा ऑपरेशन."

सेठी हसले. "कुछ नहीं जी. एक बार बेटे ने गेट में मार दी थी, बस. लेकिन आंटीजी, सच बोलूं? डिझेल है. आप जानती हो यहां का हाल. दस साल पूरे होते ही खेल खत्म. इसके दो भी नहीं बचे. आपका कोई महाराष्ट्र में हो तो उसके लिए ले लो. इधर चलाने को मत लो."

माणूस प्रामाणिक होता. दिल्लीकडच्या भागात राहणाऱ्या कुणालाही हे माहीत आहे. डिझेलची गाडी दहा वर्षांची झाली की इथे तिचे दिवस भरले. मधेच नियम ढिला होतो, परत आवळतात, पण विसंबून कुणी राहत नाही. म्हणून इथल्या चांगल्या चांगल्या गाड्या पडत्या भावात जातात आणि आपल्याकडची माणसं त्या नेऊन पुण्याला, नाशिकला आणखी कितीतरी वर्षं चालवतात. इथे राहणारा मात्र अशी गाडी स्वतःसाठी घेत नाही. वेडा असेल तर घेईल.

सिस्टरने त्या दिवशी स्टेथोस्कोप काढलाच नाही. मला पुढे बसवलं, आपण चालवायला बसली आणि सेक्टरच्या रस्त्यावर जितके स्पीडब्रेकर आहेत तितक्यांवरून गाडी नेली. प्रत्येक ठिकाणी विचारायची, "कळला?" मी म्हणायची, "नाही." शेवटच्याला तर मला तो गेला हेच माहीत नव्हतं. मग मला उतरवलं, बसवलं, उतरवलं. गुडघे कमरेच्या खाली, पाय सरळ जमिनीवर.

"हीच," ती म्हणाली.

नितीन तिला बाजूला घेऊन गेला. तो तिला मावशी म्हणतो. "मावशी, दोन वर्षांनी ही भंगारात जाईल. पेट्रोलची बघू ना, मी शोधतो. आणखी पाच-सहा महिने लागतील, पण मग ती पाच वर्षं तरी चालेल. यार, तुम्ही इतकी पारख करता आणि अशी गाडी घेता?"

"पाच वर्षांचं मी काय करू?"

"वापरा."

"दोन पुरेत," ती म्हणाली. "आणि पाच-सहा महिने मला नाहीत."

नितीनने माझ्याकडे बघितलं. मला राग आला होता. परत आल्यावर लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो, तेव्हा मी तिला सुनावलं. म्हटलं, "तुझी तब्येत घोड्यासारखी आहे. माझ्याहून लहान आहेस. दोन वर्षांत मरायची एवढी काय घाई लागली आहे तुला?"

"मला नाही," ती म्हणाली.

लिफ्ट चालली होती. ती आकड्यांकडे बघत होती.

"तिचा सांधा छान बसलाय. पण ऑपरेशनच्या वेळी रक्त तपासलं, ते चांगलं निघालं नाही. डॉक्टर म्हणाले दोन वर्षं. मी डॉक्टरांना ओळखते, वहिनी. समोर कुणी असलं की ते थोडं वाढवून सांगतात."

"लिलीला माहीत आहे?"

"लिली माझ्यापेक्षा सीनियर आहे. रिपोर्ट तिने आधी वाचला."

तिचा मजला आला. दार उघडलं. ती म्हणाली, "आता तुम्हाला माहीत झालं. आता बोलायचं नाही." आणि गेली. मी माझ्या टॉवरला जायला परत खाली आले. सांत्वन करणं मला जमत नाही, आणि तिला करून घेणं जमत नाही, म्हणून आमचं बरं चालतं.

गाडी नावावर झाल्यावरच्या पहिल्या रविवारी ती मला घेऊन मानेसरला गेली. "तुम्ही मागे बसा. पुढची जागा भरलेली आहे." गुडगावच्या गर्दीत कुणी आडवा आला तरी त्याला काही म्हणाली नाही. तेव्हा मला कळलं की बाई घाबरलेली आहे. लिली खाली यायला नाही म्हणाली असती तर ती पांढरी गाडी घेऊन सिस्टरने करायचं काय होतं?

दार भाच्याच्या बायकोने उघडलं. आम्हाला पाणी देताना हळू आवाजात म्हणाली, "आत्यांना झोप अशी लागतच नाही हो. रात्रभर खुर्चीत बसून असतात. दुखतं, पण सांगत नाहीत." आत लिली बसली होती. मी तिला बऱ्याच दिवसांनी बघत होते. आम्ही दोघी सारख्या होतो असं सिस्टर म्हणायची. आता तिच्या बांगड्या कोपरापर्यंत वर जात होत्या.

"लिली, खाली चल," सिस्टर म्हणाली.

"मी सांगितलंय तुला, मी कुठे येणार नाही."

"येऊ नकोस. गाडी बघ नुसती. बघून वर ये."

"कुणाची गाडी?"

"माझी."

"केवढ्याला?"

"तुला काय करायचंय?"

"म्हणजे लुटलं तुला," लिली म्हणाली आणि वॉकर जवळ ओढला. सिस्टरला कुणी लुटलं असेल तर ते बघायला ती आली असती, हे मी नोएडाहून निघतानाच सांगू शकले असते.

खाली तिने गाडीला एक चक्कर मारली, वॉकर टेकत टेकत. टायर बघितले. काचेला बोट लावून बघितलं. सिस्टरने पुढचं दार उघडून ठेवलं होतं. "बस," ती म्हणाली.

"हुकूम सोडू नकोस. मी सीनियर आहे."

पण तिने पाठ सीटकडे केली. मागे सरकली. बूड टेकवलं. दोन्ही पाय एकत्र आत घेतले आणि वळली. सिस्टर तिच्या डोक्यावर हात धरून उभी होती, दाराची चौकट लागू नये म्हणून, पण तो हात कुठेही टेकलेला नव्हता. वॉचमन पुढे झाला होता, त्याला तिने दुसऱ्या हाताने तिथेच थांबवलं.

लिली बसली. समोर बघितलं. सीटवरून हात फिरवला. मग म्हणाली, "दार लाव. ऊन येतंय."

सिस्टरने दार लावलं. चालवायला बसायचं तर गाडीच्या पुढून जाणं जवळचं होतं. ती मागून गेली. मी मागच्या सीटवर होते, म्हणून मला दिसलं. गाडीच्या मागे जाऊन ती आमच्याकडे पाठ करून थोडा वेळ उभी राहिली. मग आली, बसली, पट्टा लावला.

"कुठे जायचं?"

"कुठे नाही. नुसती चालव."

तिने गाडी मोठ्या रस्त्याला घेतली, जयपूरच्या दिशेने. लिली जरा वेळ बोलत होती, हा कारखाना कशाचा, तो ढाबा पूर्वी नव्हता, ट्रकवाल्याने किती वेळ झोप काढली नाही ते त्याच्या चालवण्यावरून कसं कळतं. मग बोलणं कमी झालं. मग तिची मान एका बाजूला झाली. झोपली होती. तोंड थोडं उघडं, श्वास मोठा.

सिस्टरने गाणं नव्हतंच लावलं, आता वाराही कमी केला. वेग कमी केला आणि डाव्या बाजूला, कडेकडेने चालवायला लागली. मागून ट्रकवाले हॉर्न मारून पुढे जात होते. तिने लांबवर जाऊन गाडी वळवली. परत मानेसर आलं, उतरायचा फाटा आला, मी पायाशी ठेवलेली पिशवी उचलली. ती फाट्याकडे न बघता सरळ पुढे गेली. पुढे जाऊन परत वळली. फाटा परत आला, परत मागे गेला.

त्या गाडीला गिअर टाकावा लागत नाही, म्हणून डावा हात मोकळा असतो. तो लिलीच्या मनगटावर होता. आधी मला वाटलं, नाडी बघते आहे. पण नाडी बघायला इतका वेळ लागत नाही.

मला केव्हाची लघवीला लागली होती. मी काही बोलले नाही.